त्वचेसाठी व्हिटॅमिनच्या गोळ्या: कधी उपयोगी, कधी नुसता खर्च

तोंड आलं की मेडिकलमध्ये जाऊन बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या मागायच्या, ही आपल्याकडची जुनी सवय. आता त्याच काउंटरवर बायोटीन या बी गटातल्या जीवनसत्त्वाच्या गमीज (चघळायच्या गोळ्या), कोलॅजनची पावडर, रंग उजळण्यासाठी खपणारी, पाण्यात टाकली की फसफसणारी ग्लुटाथायोनची गोळी आणि 'हेअर, स्किन अँड नेल्स' असं ठसठशीत छापलेल्या बाटल्या मांडलेल्या दिसतात. महिन्याचा खर्च हजार-दोन हजारांच्या घरात सहज जातो. हे सगळं ज्यावर खपतं ते म्हणणं असं: त्वचेला अमुक जीवनसत्त्व लागतं, म्हणून ते जास्त घेतलं की त्वचा जास्त चांगली होईल. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा त्यातून निघत नाही, आणि सगळा धंदा चालतो तो या दुसऱ्या भागावर.

पहिला भाग किती खरा आहे, हे आधी बघू. त्वचेच्या आतल्या थराला ताण आणि बळकटी देणारं प्रथिन म्हणजे कोलॅजन. त्याचे धागे एकमेकांत नीट गुंफले जावेत यासाठी दोन एन्झाइम काम करतात आणि त्या दोघांनाही व्हिटॅमिन सी लागतं. सी मिळालंच नाही तर कोलॅजन कच्चं राहतं. हिरड्यांतून रक्त येतं, केसांच्या मुळाशी लाल ठिपके उठतात, जुन्या भरलेल्या जखमासुद्धा उकलतात. हा स्कर्व्ही. 1747 मध्ये जेम्स लिंड या ब्रिटिश आरमारातल्या डॉक्टरने स्कर्व्ही झालेल्या 12 खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. संत्री-लिंबं मिळालेले दोघे झपाट्याने सुधारले. त्यातला एक तर सहा दिवसांत कामावर हजर झाला.

आपल्या मातीतलं उदाहरण पेलाग्राचं. दख्खनच्या पठारावर ज्वारीची भाकरी हेच मुख्य अन्न आणि तिच्यासोबत डाळ, दूध, मांस जवळजवळ नाही, अशा गरीब घरांमध्ये हा आजार दिसायचा. गळ्याभोवती, हातांच्या मागच्या बाजूला, पावलांवर, म्हणजे जिथे ऊन लागतं तिथेच त्वचा काळी पडून सोलवटायची. सोबत जुलाब, आणि पुढे डोक्यावरही परिणाम. कारण व्हिटॅमिन बी-3, म्हणजे नायसिनची कमतरता. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेत (आजची राष्ट्रीय पोषण संस्था) सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 च्या सुमारास ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाचा त्याच्याशी संबंध असावा, अशी मांडणी केली होती. ज्वारी वाईट, असा याचा अर्थ मुळीच नाही. नुसत्या ज्वारीवर जगणं वाईट. अशा रोग्याला नायसिन दिलं की त्वचा बघता बघता सुधारते. हे पाहिलेल्या माणसाला व्हिटॅमिन म्हणजे जादू वाटली तर नवल नाही.

पण ही जादू रिकामी जागा भरल्याची आहे.

आजच्या शहरी घरांत स्कर्व्ही आणि पेलाग्रा क्वचितच दिसतात. कमतरता मात्र आहेत, फक्त वेगळ्या. पहिली बी-12 ची. हे जीवनसत्त्व वनस्पतींमध्ये मिळत नाही. मांस, मासे, अंडी, दूध यांतूनच येतं. त्यामुळे शाकाहारी घरात दूध-दहीही कमी असेल तर ते हळूहळू घटत जातं. त्वचेवर त्याची एक खूण दिसते: हातांच्या बोटांची पेरं, विशेषतः सांध्यांवरची त्वचा, काळपट होत जाते. माणूस त्यावर लिंबू चोळतो, क्रीम लावतो, काही फरक पडत नाही. तपासणीत बी-12 कमी निघतं, इंजेक्शनं किंवा गोळ्या सुरू होतात आणि काही आठवड्या-महिन्यांत काळेपणा उतरतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी वर्षानुवर्षं पॅन्टोप्राझोलसारखी गोळी घेणाऱ्यांमध्येही बी-12 कमी होऊ शकतं. दुसरी कमतरता लोहाची, मुख्यतः पाळी जास्त जाणाऱ्या बायकांमध्ये. चेहरा फिकट, केस विरळ, नखं ठिसूळ. अशा बाईला ब्युटी गमीचा काही उपयोग नाही. तिला हिमोग्लोबिन आणि फेरिटिनची (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची) तपासणी लागते.

आता दुसरा भाग. जागा भरलेली असताना आणखी घातलं तर?

व्हिटॅमिन सी पुन्हा घेऊ, कारण त्याचा हिशोब स्पष्ट आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला 80 मिलिग्रॅम आणि स्त्रीला 65 मिलिग्रॅम सी पुरतं. एका बऱ्यापैकी पेरूत त्याहून जास्त असतं, आवळ्यात तर विचारूच नका. दिवसाला 200 ते 400 मिलिग्रॅमच्या आसपास पोचलं की रक्तातली पातळी जवळजवळ काठोकाठ होते. पुढचं आतडी कमी शोषतात आणि मूत्रपिंडं बाहेर टाकतात. 1000 मिलिग्रॅमची फसफसणारी गोळी रोज घेणारा माणूस त्यातला मोठा हिस्सा लघवीतून सोडतो. ज्यांना मुतखड्याची सवय आहे त्यांना तर हा डोस महागात पडू शकतो, कारण जास्तीच्या सीपासून ऑक्झलेट, म्हणजे खडे बनवणारं द्रव्य, तयार होतं. बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी पिवळीधमक होते, ती त्यातल्या बी-2 मुळे. 'गोळी लागू पडतेय' असं समजून लोक खूश होतात. खरं तर ती गोळीची परतीची वाट असते.

बायोटीन आणि थायरॉइडचा रिपोर्ट

बायोटीनवर थोडं थांबायला हवं. नुकसान खिशापुरतं राहत नाही याचं इतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

बायोटीनची दिवसाची गरज आहे 40 मायक्रोग्रॅम. बाजारात 10 मिलिग्रॅमच्या गोळ्या सर्रास मिळतात. गणित करून पाहा: गरजेच्या 250 पट. खरी कमतरता दुर्मीळ. जन्मजात एन्झाइमचा दोष, काही फिटची औषधं, किंवा महिनोन्‌महिने कच्च्या अंड्याचा पांढरा भाग खाणं, अशा वेळी ती होते. बाकी निरोगी माणसाचे केस किंवा त्वचा बायोटीनने सुधारते याला भक्कम पुरावा नाही. तरीही हजार जण सांगतील की मला फरक पडला. यामागचं एक कारण असं. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, मोठं ऑपरेशन किंवा कडक डाएट यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस झपाझप गळू लागतात. ही गळती पुढच्या काही महिन्यांत आपोआप थांबते. माणूस गोळी सुरू करतो ती गळती ऐन भरात असताना, आणि गळती थांबल्याचं श्रेय गोळीला मिळतं. पिंपल्सचंही तसंच. ते मुळातच येतात-जातात, आणि उपाय सुरू होतो तो सर्वांत वाईट आठवड्यात.

आता रिपोर्टचं. थायरॉइडला काम करायला लावणारं रक्तातलं संप्रेरक, टीएसएच, मोजण्याच्या अनेक पद्धतींमध्ये बायोटीन जोडलेल्या अँटिबॉडी वापरतात. या अँटिबॉडी टीएसएचला पकडतात आणि मग त्यांच्या अंगावरचं बायोटीन स्ट्रेप्टॅव्हिडिन हे प्रथिन लावलेल्या बारीक कणांना घट्ट चिकटतं. बाकी सगळं धुऊन काढलं की जे चिकटून राहिलं त्यावरून टीएसएच किती ते कळतं. रक्तातच बायोटीन भरपूर फिरत असेल तर तेच कणांवरच्या जागा अडवून बसतं. टीएसएच पकडलेल्या अँटिबॉडींना जागा उरत नाही, त्या धुऊन जातात आणि आकडा खोटा कमी येतो. टी-3 आणि टी-4 ही थायरॉइडची संप्रेरकं मोजण्याची पद्धत उलट्या तत्त्वावर चालते, त्यामुळे तिथे आकडा खोटा जास्त येतो. टीएसएच कमी, टी-4 जास्त: रिपोर्ट वाचणाऱ्याला सरळ सरळ थायरॉइड वाढल्यासारखं दिसतं, आणि नसलेल्या आजाराची गोळी सुरू होऊ शकते. त्याहून गंभीर म्हणजे हार्ट अटॅक ओळखण्यासाठी करतात ती ट्रोपोनिनची चाचणी काही यंत्रांवर याच कारणाने खोटी कमी येऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2017 मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. त्यात अशा चुकीच्या ट्रोपोनिन रिपोर्टनंतर झालेल्या एका मृत्यूचा उल्लेख होता. केसांसाठी काही घेत असाल तर रक्त देण्याआधी लॅबमध्ये आणि डॉक्टरांना सांगा. साधी तपासणी असेल तर ते दोन-तीन दिवस आधी गोळी बंद करायला सांगतील. 'काही औषधं चालू आहेत का?' असं विचारलं की आपण नाही म्हणतो, कारण गमीला कुणी औषध समजत नाही.

कोलॅजनची पावडर

कोलॅजन हे प्रथिन आहे. पोटात गेलं की इतर प्रथिनांसारखंच त्याचे तुकडे होतात. जुना वाडा उतरवला की विटा सुट्या होतात. त्या पुन्हा भिंतीला लागतील, न्हाणीघराला की कुंपणाला, ते गवंडी ठरवतो. शरीरही तसंच ठरवतं, आणि गालावरच्या सुरकुत्या त्याच्या यादीत फार वर नसतात. कंपन्यांचं यावर एक उत्तर आहे आणि ते अगदीच पोकळ नाही: काही दोन-तीन अमिनो आम्लांचे छोटे तुकडे न मोडता रक्तात पोचतात आणि ते त्वचेतल्या पेशींना नवं कोलॅजन बनवण्याचा इशारा देत असावेत. काही लहान चाचण्यांत त्वचेचा ओलावा आणि लवचीकपणा थोडा वाढलेला दिसलाही आहे. पण 2025 मध्ये 23 चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात कंपन्यांच्या पैशाशिवाय झालेल्या आणि काटेकोर केलेल्या चाचण्यांत हा फायदा दिसेनासा झाला. माझं मत विचाराल तर महिन्याला दीड-दोन हजार रुपये घालवण्याइतका हा पुरावा नाही. त्याच पैशात महिन्याची डाळ, अंडी आणि फळं येतात आणि वर पैसे उरतात.

'व्हेज कोलॅजन' हा तर आणखी मजेशीर प्रकार. कोलॅजन फक्त प्राण्यांत असतं. बाजारातलं गाय-बैल, डुक्कर किंवा माशांची कातडी-हाडं-खवले यांतून काढतात. डब्यावर हिरवा ठिपका असेल तर आत कोलॅजन नाही, व्हिटॅमिन सी, जस्त आणि काही वनस्पतींचे अर्क आहेत. त्याला 'कोलॅजन बिल्डर' म्हणतात. डबा उलटून बारीक अक्षरं वाचली की आणखी एक ओळ सापडते. अशा पूरक आहारावर 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असं छापणं आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. पुढच्या बाजूला 28 दिवसांत उजळ त्वचेचं आश्वासन आणि मागच्या बाजूला ही ओळ.

ग्लुटाथायोनबद्दल थोडक्यात. हे आपल्या शरीरात तयार होतंच. गोळीतून घेतलेलं बरंचसं पोटातच मोडतं. म्हणून मग शिरेतून इंजेक्शनं देण्याची टूम निघाली, लग्नाआधी 'ब्रायडल ग्लो'च्या नावाखाली. फिलिपाइन्समध्ये हे वेड सर्वांत जास्त पसरलं आणि तिथल्याच औषध प्रशासनाने 2011 मध्ये त्याविरुद्ध इशारा दिला. त्वचेच्या जीवघेण्या रिअ‍ॅक्शनपासून थायरॉइड आणि मूत्रपिंडांपर्यंतचे धोके त्यात नोंदवले होते. अमेरिकेत रंग उजळण्यासाठी एकाही इंजेक्शनला मान्यता नाही. सावळा रंग हा आजार नाही, मग त्यावर सलाइन कशाला लावायचं?

गिळण्यापेक्षा लावणं

गंमत अशी की ज्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा चेहऱ्याला फारसा उपयोग नाही, त्यातली काही वरून लावली तर खरंच काम करतात. व्हिटॅमिन ए च्या कुळातलं ट्रेटिनॉइन हे सर्वांत तपासलेलं औषध. पिंपल्ससाठी 1971 पासून अमेरिकेत मान्य, आणि उन्हाने आलेल्या बारीक सुरकुत्यांवरही त्याचा परिणाम होतो. रात्री, वाटाण्याएवढं, आणि पहिल्या काही आठवड्यांत त्वचा लाल होऊन सोलवटणार हे गृहीत धरून. नायसिनामाइड (बी-3 चंच रूप) 4-5 टक्के असलेलं सीरम डागांवर आणि तेलकटपणावर थोडंफार काम करतं आणि बहुतेकांना सोसतं. व्हिटॅमिन सी चं सीरम उपयोगी आहे, पण नाजूक. हवा-उजेड लागला की ते पिवळं, मग तपकिरी होतं. तपकिरी झालेली बाटली 'अजून अर्धी आहे' म्हणून वापरत बसू नये.

व्हिटॅमिन ई ची हिरवी कॅप्सूल सुईने टोचून चेहऱ्याला लावण्याचा घरगुती उपाय मात्र बंद केलेला बरा. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत ऑपरेशनच्या ताज्या व्रणांवर व्हिटॅमिन ई लावून पाहिलं गेलं. बहुतेकांच्या व्रणात फायदा दिसला नाही आणि सुमारे एकतृतीयांश लोकांना उलट ॲलर्जीचं पुरळ आलं. शिवाय ते घट्ट तेल पिंपल्सवाल्या चेहऱ्यावर काय करतं, ते कॉलेजमधल्या मुलामुलींना विचारा.

गोळी आणि लेप यांची समोरासमोर तुलना हवी असेल तर ऑस्ट्रेलियातल्या नंबोर या गावी जायला हवं. तिथे 1992 ते 1996 या काळात 55 वर्षांखालच्या 900 हून अधिक लोकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले. काहींनी रोज सनस्क्रीन लावायचं, काहींनी मनाला येईल तेव्हा. त्यातच काहींना रोज 30 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीनची (यापासून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं) गोळी, काहींना तशीच दिसणारी रिकामी गोळी. त्वचा किती म्हातारी झाली हे मोजायला हाताच्या मागच्या बाजूचा सिलिकॉनचा ठसा सुरुवातीला आणि साडेचार वर्षांनी घेतला, आणि त्यावरच्या रेषा मोजणाऱ्याला कोण कुठल्या गटातलं ते माहीत नव्हतं. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा 24 टक्के कमी वयस्क झाली होती. बीटा-कॅरोटीनच्या गोळीने एकंदरीत फरक पडला नाही. हे लोक गोऱ्या कातडीचे होते. आपल्या त्वचेतल्या मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे उन्हाचं नुकसान आपल्याला कमी होतं, पण वांग आणि पिंपल्सनंतरचे काळे डाग आपल्यालाच जास्त छळतात. वांगावर तर नुसतं अतिनील किरण अडवणारं सनस्क्रीन पुरत नाही, कारण दिसणाऱ्या उजेडानेही तो गडद होतो. तिथे लोहाच्या ऑक्साइडमुळे किंचित रंगीत असलेलं टिंटेड सनस्क्रीन जास्त उपयोगी. चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं. आपण लावतो ते त्याच्या निम्मंच.

ऑस्ट्रेलियातूनच गोळीच्या बाजूचा एक चांगला पुरावाही आला, तो लपवायचं कारण नाही. 2015 च्या चाचणीत, आधी त्वचेचे कॅन्सर झालेल्या 386 जणांना नायसिनामाइड 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा किंवा रिकामी गोळी वर्षभर दिली. औषधवाल्यांत नवे कॅन्सर 23 टक्के कमी झाले. औषध बंद केल्यावर हा फायदा टिकला नाही. हा उपयोग एका ठरावीक धोक्याच्या गटासाठी आहे. 'ग्लो'साठी घेण्याचं हे समर्थन नव्हे.

मग बिघडलेल्या त्वचेचं काय करायचं? आधी कारण शोधायचं. मान आणि काखा काळ्या, जाड झाल्या असतील तर तो मळ नाही आणि व्हिटॅमिनची कमतरताही नाही. बहुतेक वेळा ते शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याचं लक्षण असतं. साखर तपासा, वजन कमी करा. हनुवटीभोवती पिंपल्स आणि पाळी अनियमित असेल तर पीसीओएस (बीजकोशांचा हार्मोन्सशी निगडित विकार) आहे का ते बघा. जिम सुरू केल्यावर पिंपल्स वाढले तर व्हे प्रोटीनकडे एकदा संशयाने पाहा. बी-12 च्या इंजेक्शनांनंतर अचानक पुरळ उठलं तर तेही त्या इंजेक्शनांमुळे असू शकतं. आणि कुणीतरी सुचवलेलं स्टेरॉइडचं मलम चेहऱ्याला लावत असाल तर कुठल्याही गोळीचा विचार करण्याआधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ते एकदम तोडलं तरी त्रास होतो.

काही जीवनसत्त्वं जास्त झाल्यावर लघवीतून निघून जात नाहीत. ए मुख्यतः यकृतात आणि डी चरबीत साठतं. आपल्याकडे डी ची 60,000 युनिटची पुडी आठवड्यातून एक, साधारण आठ आठवडे, अशी देतात. ती कुणी रोज घेतं, कुणी वर्षभर चालू ठेवतं. मग रक्तातलं कॅल्शियम चढून उलट्या, बद्धकोष्ठता, सतत तहान आणि मूत्रपिंडांना इजा. किती आठवडे ते चिठ्ठीवर लिहून घ्या. ए जास्त झालं तर होणारा त्रास मोठा उपरोधिक आहे: ओठ फुटतात, त्वचा कोरडी पडते, केस गळतात, म्हणजे ज्यासाठी गोळी घेतली तेच. गरोदरपणात दिवसाला 10,000 युनिटच्या वर ए घेणं बाळासाठी धोक्याचं. त्याच कुळातली आयसोट्रेटिनॉइन ही हट्टी पिंपल्सवरची गोळी उत्तम काम करते, पण पोटातल्या बाळात गंभीर व्यंग निर्माण करू शकते. सुरू करण्याआधी महिनाभर, चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर गर्भधारणा टाळावी लागते, अधूनमधून लिव्हर आणि कोलेस्टेरॉलची तपासणी करावी लागते. मैत्रिणीच्या उरलेल्या गोळ्या 'घेऊन बघते' हा प्रकार इथे चालत नाही. या काळात रक्तदानही करायचं नाही, कारण ते रक्त एखाद्या गरोदर बाईला दिलं जाऊ शकतं.